शालेय शिबिर आणि पाहुण्याचा धर्म
(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



दिवाळीची सुटी संपली की आपल्या शाळांतून सहलींचे व शिबिरांचे बेत सुरू होतात. त्या निमित्ताने चार अनुभवाचे शब्द सांगण्याची आज्ञा मला झाली आहे. शिबिराचे महत्त्व आपणांस पटवून देण्याची गरज नाही. मी बोलणार आहे ते शिबिरात कसे राहावे व तेथून कसे निघावे याविषयी. प्रारंभी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी, मी नवा शिक्षक असताना, चाळीस मुलांना घेऊन डोंगराच्या पायथ्याच्या एका लहान गावी मुक्कामास गेलो. गावाच्या वरच्या अंगास खडकात कोरलेले पाण्याचे टाके होते. रात्री जेवणे आटोपल्यावर मी मुलांना फर्मावले, "भांडी लख्ख घासून आणा." मुलांनी आज्ञा तंतोतंत पाळली. पहाटे गावातील बायका हंडे घेऊन टाक्यावर आल्या, तो पाण्यावर तेलाचा तवंग आणि भाताची शिते तरंगत होती. कोणी भांडले नाही. एक वृद्ध बाई मात्र म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही उद्या जाल. आम्हांला हेच पाणी पाऊस येईपर्यंत पुरवायचं आहे."

टाके उपसून टाकता येत नव्हते, कारण गावाजवळ दुसरे पाणीच नव्हते. आम्ही फडक्याने तवंग काढला आणि दिवसभर दरीतील झऱ्यावरून घरोघर पाणी भरले. डोक्यावरच्या हंड्याचे ओझे मुलांना त्या दिवशी कळले. दोष मात्र त्यांचा नव्हता. भांडी घासा असे मी सांगितले होते. कोठे घासावीत हे सांगितले नव्हते.

म्हणून पहिली सूचना अशी की, शिबिराचे नियम निघण्यापूर्वी वर्गातच सांगावेत व प्रत्येक नियमामागचे कारणही सांगावे. कारण समजलेला नियम मूल गुरुजींच्या पाठीमागेही पाळते. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांनी निरनिराळ्या सामाजिक थरांतील मुले एकत्र आणून त्यांच्या चार तुकड्या केल्या व प्रत्येक तुकडीस एक नायक दिला. आपणही पाणी, स्वयंपाक, स्वच्छता व पहारा ही कामे तुकड्यांना पाळीपाळीने द्यावीत. एका वस्तीतील मुलांची एक तुकडी करू नये. सर्वांना मिसळावे व एका पंगतीस बसवावे. दर दहा मुलांमागे एक शिक्षक आणि मुली असल्यास शिक्षिका अवश्य असावी. पालकांची लेखी संमती, कार्यालयाची परवानगी व जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा ठावठिकाणा या गोष्टी आधीच हाताशी ठेवाव्यात.

आता जागेविषयी. ओढ्याचे कोरडे पात्र सपाट दिसते म्हणून तेथे राहुट्या ठोकू नयेत. वर डोंगरात पाऊस झाला तर पाणी अचानक येते. एकट्या उंच झाडाखाली किंवा सुटलेल्या दरडीखालीही मुक्काम नको. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर त्याच्या आसपास धूर करू नये, दगड मारू नये, मोठ्याने ओरडू नये. संरक्षित किल्ल्यावर मुक्कामाची व स्वयंपाकाची मुभा असेलच असे नाही. तेव्हा मुक्काम पायथ्याच्या शाळेत व गडदर्शन सकाळी, हाच क्रम उत्तम.

पाण्याच्या बाबतीत लहानसाही अपवाद करू नये. टाके, विहीर वा झरा यांत हात, पाय अथवा भांडे धुऊ नये. पाणी बाहेर काढून घ्यावे व धुणे दूर नेऊन करावे. पिण्याचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे. शाळेत शौचालय नसल्यास पाणवठ्यापासून शंभर पावले दूर, उताराच्या खालच्या अंगास, फूटभर रुंद व दोन फूट खोल चर खणावा. प्रत्येक वेळी वर माती लोटावी. मुलींसाठी स्वतंत्र व नीट आडोशाची सोय आधी करावी, मग इतर कामांस हात घालावा.

रात्री मण्यार जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात; विजेरीवाचून कोणी बाहेर पडू नये; सकाळी जोडे झटकूनच पायांत घालावेत. सर्पदंश झालाच तर चिरा देऊ नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. मुलाला धीर देऊन, दंश झालेला भाग न हलविता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा.

शेकोटी हा शिबिराचा आनंद खरा. पण हिवाळ्यात डोंगरावरचे गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने वणवा पेटतो. चोहोबाजूंनी दहा फूट जागा मातीपर्यंत साफ करावी, पाण्याची बादली जवळ ठेवावी. उभे झाड तोडू नये. निजण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतावे, राख ढवळावी व पुन्हा पाणी ओतावे. राखेला हात लावता येईल तेव्हाच आग विझली असे समजावे. नुसती माती लोटल्यास खाली निखारे धुमसत राहतात. चुलीला दगड घेताना तो वीरगळ किंवा मूर्तीचा भाग नाही ना, हे शिक्षकाने स्वतः पाहावे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत. पण भिंतीवर नाव न कोरणारे मूल घडविणे हे कोणत्याही यादीचे काम नव्हे, ते आपले काम आहे.

गावात आपण पाहुणे आहोत. सरपंचांना व स्थानिक शिक्षकांना आधी भेटावे. कोणाच्या शेतातून पीक तुडवीत जाऊ नये, बोरे वा हरभरा विचारल्यावाचून तोडू नये. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक कायद्यानेच बंद असतो. मुलांच्या गाण्यांनाही त्यापूर्वीच विराम द्यावा, कारण गावाला पहाटे उठून कामाला जायचे असते. जवळ दुसऱ्या शाळेचे शिबिर असेल तर त्यांच्या राहुट्यांमधून वाट काढू नये.

निघण्याच्या दिवशी सर्व मुलांची हातभर अंतराने एक रांग करावी व सारी जागा पिंजून काढावी. चर बुजवावा, चुलीचे दगड होते तेथे ठेवावेत. प्लॅस्टिकचा तुकडाही पोत्यात भरून परत आणावा. गावच्या उकिरड्यावर टाकू नये.

बंधुभगिनींनो, शिबिराचा अहवाल आपण कार्यालयाला पाठवितो. परंतु त्याचा खरा निकाल दुसऱ्या दिवशी पहाटे, आपण गेल्यानंतर, पाणवठ्यावर लागतो. हंडा घेऊन आलेल्या बाईला पाणी आदल्यासारखेच निर्मळ दिसले, तर आपली मुले उत्तीर्ण झाली. माझी पहिली तुकडी त्या परीक्षेत माझ्यामुळे नापास झाली होती. आपल्या तुकड्यांवर ती वेळ न येवो, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!