बंदरावरचा अधिकारी आणि त्याच्या पाठीशी कोण?



हिर्डोशी खोऱ्यातील खाचरांत भात पिकते. हा तांदूळ जहाजावर चढत नाही. तरीही २० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा त्या आदेशाचा संबंध या खाचरांशीही होता. देशातील भाव दाबून धरणे हाच अशा बंदीचा हेतू असतो. ती २८ सप्टेंबर २०२४ पर्यंत टिकली. भातकऱ्याला अडवण्यास एक अधिसूचना पुरली. खाणमालकाला अडवण्यास काय लागते, हे कारवारच्या इतिहासात पाहावे.

बळ्ळारीचे लोहखनिज ट्रकांनी बेलेकेरी बंदरावर येई व तेथून परदेशी जाई. मार्च २०१० मध्ये कारवारचे उपवनसंरक्षक आर. गोकुळ यांनी बेकायदा वाहतुकीचे लाखो टन खनिज तेथे जप्त केले. पुढे जप्त मालाचा मोठा भाग बंदरावरून नाहीसा झाला. तो जहाजांनी परदेशी गेला होता. निलंबनाची कारवाई मात्र जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यावरच झाली! तिच्या निषेधार्थ २३ जून २०१० रोजी लोकायुक्त संतोष हेगडे यांनी राजीनामा दिला. तो त्यांनी नंतर मागे घेतला. जुलै २०११ च्या त्यांच्या अहवालाने राज्याचे नुकसान १६,०८५ कोटी रुपयांचे ठरवले, आणि मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना पद सोडावे लागले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विशेष न्यायालयाने कारवारचे आमदार सतीश सैल व इतरांना या प्रकरणी सात वर्षांची शिक्षा सुनावली. जप्तीला तेव्हा चौदा वर्षे उलटली होती. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती दिली.

कायदा एकच असतो; त्याची धार समोरचा माणूस पाहून बदलते. भातकऱ्यापुढे ती तीक्ष्ण असते. खाणमालकापुढे ती बोथट होते, आणि धार लावू पाहणाऱ्या अधिकाऱ्याचीच नोकरी पणाला लागते. प्रामाणिक अधिकारी एकाकी राहिला, तर कायदा धनिकांचा चाकर होतो. गोकुळ यांच्या पाठीशी एक लोकायुक्त उभा राहिला; प्रत्येक बंदरावर असा लोकायुक्त कोठून आणणार? तेथे संघटित जनताच उभी राहिली पाहिजे. म्हणूनच कार्यकर्त्यांनी शेतमालाच्या भावाची लढाई आणि प्रामाणिक अधिकाऱ्याच्या संरक्षणाची लढाई वेगळी मानू नये. दोहोंचा प्रतिपक्ष एकच आहे.