चार किलोच्या जीवाचे औषध



या व्यासपीठावरून मी यापूर्वी दोनदा बोललो, दोन्ही वेळा कामगारांच्या पगाराविषयी. यंदा पत्रकावर ‘कुत्र्याच्या हृदयातील कृमी’ हा विषय वाचून आमच्या युनियनच्या कचेरीत बराच हशा पिकला. हसणे रास्तच आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. डॉक्टर तर मी नव्हेच. परंतु आयुष्यभर मी कामगारांना पगाराची स्लिप ओळीओळीने वाचावयास शिकवीत आलो, आणि गेल्या वर्षी माझ्याच घरात औषधाच्या पाकिटावरची एक ओळ न वाचल्यामुळे भलतेच होऊन बसले असते. म्हणून हा विषय घेतला.

माझी पुतणी व जावई रेल्वेच्या नोकरीनिमित्त गुवाहाटीस होते. बदली होऊन ते नागपुरास आले. पण मिळालेल्या घरात कुत्रे ठेवण्याची सोय नव्हती. तेव्हा त्यांची चिमी आमच्याकडे आली. पॉमेरेनियनचा थोडा अंश, बाकी कोणाकोणाचे रक्त आहे ते तिचे तिलाच ठाऊक. वय तीन वर्षे, वजन चार किलो. पुतणी जाताना एवढेच म्हणाली, “काका, हिची महिन्याची गोळी गेले काही महिने राहिली आहे. तिकडे हृदयाच्या कृमींचा त्रास फार असतो.”

हा कृमी डासांमार्फत पसरतो. आपल्या भागात हत्तीरोग ठाऊक नसलेला माणूस विरळा. त्याच जातकुळीतला हा प्राणी. रोगी कुत्र्याला चावलेल्या डासाच्या अंगात त्याची पिले उबदार हवेत दोन आठवड्यांत तयार होतात व पुढच्या चाव्याबरोबर दुसऱ्या कुत्र्याच्या शरीरात शिरतात. सुमारे सहा महिन्यांत ती वाढून हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत ठाण मांडतात. मादी जवळजवळ फूटभर लांब होते आणि पाच ते सात वर्षे जगते. मोठ्या कुत्र्याला काही कृमी सोसतात. लहान कुत्र्याच्या वाहिन्याच अरुंद. तेथे चारदोन कृमीही जिवावर उठतात. यावर उपचार आहे, पण तो सोमलाचा अंश असलेल्या औषधाची इंजेक्शने पाठीच्या स्नायूंत देऊन करावा लागतो, आणि मेलेल्या कृमींचे तुकडे फुप्फुसात अडकू नयेत म्हणून जनावराला कित्येक आठवडे जखडून ठेवावे लागते. खर्चाचे तर बोलावयासच नको.

ईशान्य भारतात हा रोग जुना आहे. आपल्याकडे त्याचा बोभाटा तितका नाही. पश्चिम किनाऱ्यावर कातडीखाली राहणारा त्याचा भाऊबंद अधिक आढळतो. म्हणून उद्या सकाळी प्रत्येकाने औषधासाठी धाव घ्यावी असे मी म्हणत नाही. पण नागपुरात डासांची वाण नाही, आणि कुत्री हल्ली माणसांबरोबर बदलीवर फिरतात. निर्णय पशुवैद्याला विचारून घ्यावा.

आता माझा पराक्रम ऐका. औषधाचे नाव विचारले तेव्हा पुतणीने ‘आयव्हरमेक्टिन’ सांगितले. नाव ओळखीचे निघाले! जपानच्या मातीतील एका जंतूपासून निघालेले हे औषध. त्याबद्दल ओमुरा व कॅम्बेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. नागपूर जिल्ह्यात २०१९ साली हत्तीरोगाच्या मोहिमेत ते वाटले गेले, आणि २०२१ च्या कोविडात तर घरोघरी त्याची पाकिटे आली. आमच्याही कपाटात एक उरले होते. मुदत संपली नव्हती की संपली होती, तेही मी पाहिले नाही. गोळीचे चार तुकडे केले, एक तुकडा पोळीत गुंडाळला. फुकटात काम झाले, असे मनात म्हणतो आहे, तोच सून म्हणाली, “बाबा, ही गोळी किती मिलिग्रॅमची?”

गोळी १२ मिलिग्रॅमची होती. सुनेने कागद घेतला. या कृमीच्या प्रतिबंधासाठी महिन्याकाठी किलोमागे ६ मायक्रोग्रॅम पुरतात. चार किलोला २४. माझ्या हातातल्या पाव तुकड्यात ३,००० होते. सव्वाशेपट! काही कुत्री एवढेही सोसतात, हे खरे. खरजेवर डॉक्टर आपल्या देखरेखीखाली जास्त मात्रा देतातही. पण कोली वगैरे काही जातींत एक आनुवंशिक दोष असतो. त्यांच्यात हे औषध मेंदूत शिरते. किलोमागे १०० मायक्रोग्रॅमपासूनच झटके, आंधळेपणा, बेशुद्धी यांचा धोका सुरू होतो. शिवाय रक्तात कृमींची पिले असतील तर ती एकदम मेल्याने कुत्रे कोसळू शकते. चिमीचे रक्त कोणते आणि त्यात काय आहे, यांतले मला काहीच ठाऊक नव्हते. मी तो पोळीचा तुकडा मोरीत टाकला. वेतनकरारात एका दशांश चिन्हासाठी मालकाशी रात्रभर भांडणारा मी!

गुरांच्या इंजेक्शनची बाटली स्वस्त पडते म्हणून तीतला थेंब कुत्र्याला पाजणारेही मला भेटले आहेत. त्या बाटलीत मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते. एका थेंबात सुमारे ५०० मायक्रोग्रॅम. चोवीस मायक्रोग्रॅमचा थेंब पाडणारा हात अजून जन्माला यावयाचा आहे. लहान कुत्र्यांसाठी केलेल्या गोळीत अवघे ६८ मायक्रोग्रॅम असतात, आणि ती ११ किलोपर्यंत चालते. मोठ्या कुत्र्याची गोळी कापून दोन घरांनी वाटून घ्यावी, हाही हिशेब फसवा. दोन्ही तुकड्यांत औषध सारखे आलेच असेल असे नाही.

डॉक्टरीणबाईंनी औषधाआधी रक्त तपासले. सात महिन्यांवरील कुत्र्याचे ते तपासावेच लागते. तपासणी निर्दोष निघाली, तरी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले. कारण ही तपासणी वाढलेली मादी ओळखते, कोवळी पिले नव्हे. ते सहा महिने घरात कोणी मोकळेपणी बोलले नाही. दुसरी तपासणीही निर्दोष निघाली.

औषधे दोन तऱ्हांची पुढे आली: चघळण्याची गोळी आणि मानेवर सोडावयाचे थेंब. कामाला दोन्ही चांगली. चिमी गोळी गालात धरून खाटेखाली थुंकते, म्हणून आम्ही सेलामेक्टिनचे थेंब घेतले. थेंब वाळेपर्यंत नातवाला तिच्याजवळ जाऊ देत नाही, एवढे एकच पथ्य. नुसता गोचिडांचा पट्टा बांधून हे काम होत नाही, हे मात्र विचारून खात्री करून घेतले.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. ही मात्रा पुढच्या महिन्याचे रक्षण करीत नाही; मागच्या महिन्यात शिरलेली पिले मारते. दोन महिने चुकले की ती पिले वाढतात, आणि मग औषध त्यांना खात्रीने मारीत नाही. आपल्याकडे डासांना सुट्टी नाही, म्हणून आम्ही बारा महिने देतो, पहिल्या रविवारी, युनियनची वर्गणी गोळा करून घरी आलो की. आधी चिमीला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहतो, मग एकटा उभा राहतो, आणि वजाबाकी सून करते. थेंबांचे आमचे पाकीट पाच किलोपर्यंतचे आहे. गेल्या रविवारी ती चार किलो सहाशे भरली. नातू तिला चोरून बिस्किटे देतो.

कोणाला काही विचारावयाचे असेल तर अवश्य विचारा. डॉक्टरीणबाई दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत.