अभियांत्रिकी आरेखनाची मुळाक्षरे
(इंदूर येथे शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंदूर नगरीला रेषेचे अप्रूप नवे नाही. देवळालीकर गुरुजींच्या हाताखाली येथे ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार घडले आणि १९५२ साली याच शहरात श्री गोविंदराम सेक्सरिया तंत्र व विज्ञान संस्था उभी राहिली. चित्रकाराच्या रेषेतून पाहणाऱ्याने अनेक अर्थ काढावेत; अभियंत्याच्या रेषेला मात्र एकच अर्थ असावा लागतो, कारण तिच्या आधारे लोखंड कापले जाते व पाया खोदला जातो.

वस्तूला लांबी, रुंदी व उंची असते. कागदाला दोनच परिमाणे. फ्रान्समधील गास्पार मोंझ यांनी अठराव्या शतकात या अडचणीतून मार्ग काढला. तटबंदीच्या कामी ही पद्धत इतकी उपयोगी पडली की सैन्याने ती कित्येक वर्षे गुप्त ठेवली. १७९५ मध्ये मोंझ यांनी ती व्याख्यानांतून शिकविली. वस्तूकडे समोरून, वरून व बाजूने सरळ पाहावे आणि प्रत्येक दृश्य निराळे काढावे, हे तिचे सूत्र. समोरचे दृश्य म्हणजे एलेव्हेशन, वरचे म्हणजे प्लॅन.

विद्यार्थी अडखळतो तो या दृश्यांच्या जागांपाशी. आपल्याकडे रूढ असलेल्या प्रथम कोन पद्धतीत प्लॅन एलेव्हेशनच्या खाली येतो व डावीकडून पाहिलेले दृश्य उजवीकडे काढतात. अमेरिकेतील तृतीय कोन पद्धतीत याच्या उलट. आरेखनावरील पद्धतीची खूण न पाहता काम केले, तर डाव्या अंगाचा भाग उजव्या अंगाचा होऊन बसतो व माल फुकट जातो. टी-स्क्वेअर जाऊन संगणक आला, तरी वाचणाऱ्याची ही चूक संगणक सुधारीत नाही.

शिक्षकांना एक विनंती. फळ्यावरील आकृती उतरवून हा विषय येत नाही. माळव्यात बटाट्यांना तोटा नाही. बटाट्याचा विटेसारखा तुकडा कापावा, त्याला एक पायरी पाडावी आणि मुलांकडून तिन्ही दृश्ये काढून घ्यावीत. न दिसणारी कड तुटक रेषेने दाखवावी. मग उलट अभ्यास द्यावा : केवळ दृश्ये पाहून मुलांनी वस्तू कोरावी. मी यालाच अधिक मोल देतो. पहिला अभ्यास परीक्षेत उपयोगी पडतो, दुसरा कारखान्यात.

ग्रामस्थांचाही याच्याशी संबंध आहे. गावात शाळेची खोली बांधली जाते, तेव्हा नकाशा पाहण्यास मागावा. प्रथम प्रमाण पाहावे. १:१०० असेल तर कागदावरील ६ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर ६ मीटर. परंतु झेरॉक्स प्रत लहानमोठी झालेली असू शकते, म्हणून पट्टीपेक्षा लिहिलेल्या मापावर विसंबावे. भिंतींची जाडी प्लॅनमध्ये सापडेल. पायाची खोली तेथे दिसणार नाही. ती छेददृश्यात शोधावी आणि पाया बुजविण्यापूर्वी जागेवर जाऊन मोजावी.