परसातला वाफा रिकामा ठेवू नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



पिकवणारे आपण आणि आठवडी बाजारातून भाजीची पिशवी भरून आणणारेही आपणच! याचा हिशेब मांडला पाहिजे. बहुतेकांच्या परसात जागा आहे. अडते ते पेरणीत.

मेथीचे सगळे बी आपण एकाच दिवशी फोकतो. महिन्याने सगळा वाफा एकदम काढणीला येतो. चार दिवस मेथीच मेथी, उरलेली शेळीपुढे. विकायला न्यावी, तर सगळ्यांचीच तेव्हा आलेली. जुडीला भाव नाही. पुढे महिनाभर वाफा रिकामा आणि पुन्हा विकतची भाजी.

म्हणून पेरणीचे टप्पे पाडा. चार लहान वाफे करा. बाजाराचा दिवस हाच पेरणीचा दिवस धरा. दर बाजाराला एकाच वाफ्यात मेथी पेरा. चौथा पेरून झाला, की पुढच्या बाजाराच्या सुमारास पहिला काढणीला येतो. तो उपटला, की कुदळून, शेणखत मिसळून लगेच पुन्हा पेरा. दोन-तीन फेऱ्यांनंतर पीक बदला. मेथीच्या जागी मुळा घ्या.

प्रत्येक भाजीचा हिशेब वेगळा. कोथिंबिरीला साधारण 40 ते 45 दिवस लागतात. धणे रगडून, दोन फाकी करून दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरा. पालक मुळासकट उपटू नका. वरून कापला तर पुन्हा फुटतो, म्हणून महिन्याने एक पेरणी पुरते. भेंडी-गवार तोड्याला आली, की दुसरी ओळ टोका. वांगी-मिरची मात्र महिनोन्‌महिने चालतात. जुनी झाडे थकण्याआधीच नवे रोप टाका.

हंगामही पाहा. थंडीत उगवण आणि वाढ मंदावते, तेव्हा काढणीला काही दिवस जास्त धरा. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते. ती थोडी आणि दुपारच्या सावलीत घ्या. पाणी आटले तर वाफे कमी करा, पण फेरी मोडू नका.

भावांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. पेरणे, पाणी घालणे, खुरपणे, निवडणे सगळे घरच्या बाईवर टाकले, तर ही बाग दोन महिन्यांत मोडेल. तिच्या श्रमाला मोल आहे. कुदळणे आणि पाणी आपल्याकडे घ्या.

येत्या बाजाराच्या दिवशी पहिला वाफा पेरू. उरलेले बी डब्यात कोरडे ठेवू आणि पुढच्या आठवड्याला दुसरा वाफा धरू.