धुरापासून मिथेनॉल : वीज कुठली, ते विचारा



आपल्या मध्यप्रदेशात, सिंगरौलीला विंध्याचल वीजकेंद्र आहे. क्षमता ४७६० मेगावॅट. कोळशावर चालणारे देशातले सर्वांत मोठे. तेथे २०२२ मध्ये धुरातून रोज २० टन कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्याचे यंत्र बसले आणि २०२४ मध्ये त्यापासून मिथेनॉल तयार झाले. प्लायवुडचा चिकटा, रंग, ॲसेटिक ॲसिड या सर्वांना मिथेनॉल लागते. तेव्हा बातमी वाचून मलाही आनंद झाला. पण ‘आता धुराचा प्रश्न मिटला’ असे कोणी म्हणाले, की मी लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसतो. जुनी मास्तरकीची खोड!

कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून गेलेल्या कोळशाची राखच समजा. तिच्यातून पुन्हा कामाची वस्तू करायची, तर जळताना निघून गेलेली शक्ती परत घालावी लागते. ती हायड्रोजनच्या रूपाने घालतात. तांबे आणि झिंक ऑक्साइड यांचा उत्प्रेरक, सुमारे २५० अंश उष्णता, वर मोठा दाब, की दोन्ही वायूंचे जुळते. उत्प्रेरक हा लग्न जमवणारा मध्यस्थ. काम लवकर होते, पण हुंडा काही तो भरत नाही. तो विजेला भरावा लागतो.

किती? १ टन मिथेनॉलला सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. एवढा हायड्रोजन पाण्यापासून काढायला नऊ-दहा हजार युनिट वीज. ही वीज कोळशाची असेल, तर तिच्यापायी आठ-नऊ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाणार. म्हणजे दीड टन गिळायला नऊ टन ओकायचा!

आइसलँडमध्ये २०१२ साली असा कारखाना सुरू झाला. नोबेल विजेते जॉर्ज ओलाह यांचे नाव त्याला दिले. तेथे हे जमले, कारण तिथली वीज जमिनीतल्या उष्णतेची आणि पाण्याची.

आणखी एक हिशोब. विंध्याचल पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाला लाखभर टन कार्बन डायऑक्साइड सोडेल. त्यातले पकडायचे २० टन. प्रयोग म्हणून उत्तमच, पैसा जरूर लावावा. मात्र त्याच्या नावावर नवी कोळसा केंद्रे मंजूर होऊ लागली, तर गप्प बसू नये.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार या सभागृहात येतीलच. हारतुरे झाले की दोनच प्रश्न विचारा : हायड्रोजनची वीज कुठून आणणार? आणि उरलेल्या धुराचे काय?