टाळी आणि तेढ



आमची शाळा म्हणजे कारखान्याचे दार. तेथील गेटसभांत आम्ही एक धडा शिकलो. पगारवाढीचा हिशेब मांडावा, तर माणसे विड्या शिलगावतात. व्यवस्थापकाला एक शिवी हासडावी, की टाळ्यांचा कडकडाट! दुसऱ्या दिवशी जीभ आपोआप त्या शिवीकडे वळते. टाळी वक्त्याला घडवते, आणि बिघडवतेही.

पण तेथे एक लगाम असे. ज्या सोबत्याविरुद्ध आपण बोललो, तो समोरच उभा असे. आणि दुपारी त्याच्याच डब्यातली चटणी खायची असे.

मोबाईलवर टाळी राहिली, लगाम सुटला. फेसबुकने पसंतीचा अंगठा २००९ साली दिला. त्याच वर्षी ट्विटरने दुसऱ्याचा मजकूर एका बोटाने पुढे धाडण्याची सोय केली. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ट्विटरवरील सात हजारांहून अधिक माणसांचे सव्वा कोटीवर मजकूर त्यांनी तपासले. ज्याच्या संतापाला शाबासकी मिळाली, तो पुढे अधिक संतापून लिहू लागला, असे त्यांना आढळले. म्हणजे लिहिणारा केवळ आपले मत सांगत नाही. मिळालेल्या टाळीला जागण्यासाठी तो ते मत अधिक कडवे करीत जातो. चारचौघांत लिहिलेला शब्द मग मागे घेववत नाही.

हे आम्ही परक्याविषयी सांगत नाही. एका निवडणुकीच्या दिवसांत, आमच्याच युनियनच्या व्हॉट्सॲप गटावर, एका जुन्या सोबत्याच्या पक्षाविषयी आम्ही एक झोंबरे वाक्य लिहिले. त्या रात्री तीनदा उठून अंगठे मोजले! पुढे बोनसचा ठराव मतास आला. ठराव काय आहे हे न पाहता, तो कोणी मांडला एवढेच पाहून त्या सोबत्याने हात खाली ठेवला. त्याच्यामागे आणखी कितीतरी हात खाली राहिले. मालकाला जी फूट पाडता आली नव्हती, ती आमच्या एका वाक्याने पाडली.

मग मोबाईल फेकून द्यावा काय? अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीपूर्वी काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवावयास लावले. त्यांच्या राजकीय मतांतले अंतर काहीसे घटले, पण बातम्यांची माहितीही घटली. तेव्हा नुसते तोंड फिरवून भागणार नाही.

मतभेद असावेतच, भांडणे हा तर आमचा धंदा! पण भांडण मागणीवर असावे, माणसावर नसावे. लिहिण्यापूर्वी मनाला एवढेच विचारा : त्याच्या डब्यातली भाकरी मोडताना हे वाक्य आपण त्याच्या तोंडावर बोलू काय? बोलणार असाल, तर खुशाल लिहा.

आम्ही त्या सोबत्याच्या घरी जाऊन आलो. चहा मिळाला, पूर्वीचे बोलणे अजून मिळालेले नाही.