प्रेमकथेला जागा हवी

१९४० साली मराठी साहित्य संमेलन रत्नागिरीत भरलं तेव्हा अध्यक्षपदी ना. सी. फडके होते. पेशाने तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पण वाचकांच्या लेखी प्रेमकथांचे बादशहा. ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’, ‘निरंजन’ या त्यांच्या कादंबऱ्या तोवर घरोघरी पोचल्या होत्या. काही घरांत त्या कपाटात दिमाखाने उभ्या होत्या आणि बऱ्याच घरांत उशीखाली होत्या. उशीखालच्या त्या वाचकाबद्दल मराठी समीक्षेने फारसं बोलणं टाळलं आहे. आजचं व्याख्यान त्याच्याबद्दल आहे, किंवा खरं सांगायचं तर तिच्याबद्दल.

पावसला बाहेरगावची माणसं येतात ती स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीच्या दर्शनाला. त्यांच्या ‘अभंग ज्ञानेश्वरी’च्या या गावात प्रेमकथेवर व्याख्यान ठेवणाऱ्या मंडळींच्या धाडसाला दाद द्यायला हवी.

प्रेमकथा वाचणाऱ्याला लेखक आवडतात, पात्रं आवडतात. पण मनात जास्त काळ राहते ती जागा. कुठे भेटली ही दोघं? कोणाच्या नजरेआड? मराठी प्रेमकथेचा दीडशे वर्षांचा प्रवास पाहिला तर तो या जागेच्या शोधाचाच दिसतो. आपल्या घरांमध्ये ओटी होती, माजघर होतं, पडवी होती. दोघांनी निवांत बोलावं अशी खोली मात्र नव्हती.

नारो सदाशिव रिसबुडांनी ही अडचण फार लवकर ओळखली. त्यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची. आपल्या लोकांच्या लग्नाच्या रीती आणि एकंदर राहणी अशी आहे की त्यात गोडी वाटावी असं लिहिण्यासारखं काही सापडत नाही, म्हणून अद्भुताचा आधार घ्यावा लागतो, अशा अर्थाचं त्यांनी प्रस्तावनेत सांगूनच टाकलं. त्याआधी १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली होती, तिचाही बाज अद्भुतरम्यच. या कादंबऱ्यांची पुढे पुष्कळ थट्टा झाली. पण रिसबुडांचं म्हणणं खोटं नव्हतं. आठव्या-नवव्या वर्षी मुलीचं लग्न लागणाऱ्या समाजात तरुण माणसांनी प्रेमात पडायचं तरी कुठे आणि कधी? राजपुत्र, राजकन्या आणि त्यांचे महाल एवढ्याच जागा लेखकाच्या हाती उरल्या होत्या.

मराठी कादंबरीतली पहिली खरीखुरी प्रेमाची जागा सापडली हरिभाऊ आपट्यांना, आणि ती अगदी साधी आहे: मुंबईतलं भाड्याचं बिऱ्हाड. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः छापून येत होती. ही कादंबरी विधवेच्या केशवपनाची शोकांतिका म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती तशी आहेच. पण तिच्या मध्यावर काही प्रकरणं निव्वळ सुखाची आहेत. यमू नवऱ्याबरोबर मुंबईला येते, सासरच्या मोठ्या गोतावळ्यापासून दूर. रघुनाथराव तिला वाचायला शिकवतो, दोघं एकत्र वाचतात, बोलतात. एवढंच. पुढे काय होणार हे माहीत असूनही वाचक त्या पानांपाशी थांबतो. मराठीतली पहिली मोठी पुस्तकवेडी नायिका यमू, आणि तिच्या संसारातला शृंगार म्हणजे पुस्तक.

हे कादंबरीतच घडत होतं असंही नाही. १८७३ साली अकरा वर्षांची रमाबाई महादेव गोविंद रानड्यांच्या घरात आली आणि रानड्यांनी तिला लगेच शिकवायला घेतलं. घरातल्या बायकांना ते अजिबात रुचलं नाही. टोमणे, अबोला, हाताखालच्या कामांची रीघ असं सगळं झालं. रमाबाईंनी ते ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात नोंदवलं आहे. ते १९१० साली प्रसिद्ध झालं. आत्मचरित्र म्हणून ते अभ्यासक्रमात जाऊन बसलं, पण चोखंदळ वाचकाने ते प्रेमकथा म्हणूनही वाचून पाहावं. दिवसभर एकमेकांशी धड बोलायचीही सोय नसलेली नवराबायको रात्री धड्याच्या निमित्ताने जवळ बसतात, यापेक्षा नाजूक प्रसंग फडक्यांनाही सुचला नसता.

इंग्रजीत चित्र उलटं आहे. जेन ऑस्टिनची कॅथरीन मॉर्लंड ही ‘नॉर्थँगर ॲबी’ची नायिका भीतिदायक कादंबऱ्या वाचून वाचून साध्या घरातही रहस्यं शोधत फिरते आणि लेखिका तिची गंमत करते. तिकडे नायिकेची चेष्टा होते ती फार कादंबऱ्या वाचते म्हणून. आपल्याकडे नायिकेला बोलणी बसत ती मुळात वाचते म्हणून.

मग काळ बदलला. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा शारदा कायदा आला, कॉलेजांत मुली दिसू लागल्या. नायिकेला पहिल्यांदाच वय मिळालं. वामन मल्हार जोश्यांची ‘रागिणी’ या बदलाच्या थोडी आधीची, १९१५ च्या सुमाराची. तिचं दुसरं नावच ‘काव्यशास्त्रविनोद’. तिच्यातली माणसं प्रेमात पडतात आणि त्याच दमात स्त्रीच्या हक्कांवर वाद घालतात. आजच्या वाचकाला ती लांबण वाटेल. त्या काळच्या मुलींना मात्र आपल्यासारखं कोणीतरी पुस्तकात बोलतंय याचंच अप्रूप होतं.

फडके आले आणि त्यांनी हा वाद बाजूला सारून नुसती हवा खेळती केली. त्यांच्या जागा म्हणजे कॉलेजचं आवार, टेनिसचं मैदान, मोटार, थंड हवेचं ठिकाण. त्यांच्यावर ‘कलेसाठी कला’ म्हणून जी टीका झाली तीत तथ्य आहे. त्यांच्या पात्रांना भाड्याची आणि भाकरीची चिंता क्वचितच पडते. पण वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यात राहणाऱ्या मुलीला टेनिसच्या मैदानाची भूल का पडली, हे टीकाकारांनी विचारलं नाही. आणि ‘प्रतिभासाधन’ लिहून कथानकाचं तंत्र उलगडून दाखवणारा हा लेखक पहिल्या पानावर वाचकाला पकडायचा तो धरूनच ठेवायचा.

फडक्यांच्या जोडीने नाव घ्यायचं ते वि. स. खांडेकरांचं, आणि ते तर आपल्याच मुलखात राहिले. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं ते शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. शिरोडं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. ‘कांचनमृग’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ शिरोड्याच्या काळातल्या. खांडेकरांच्या नायकाला प्रेम पुरत नाही, त्याला ध्येयही लागतं, आणि ते दोन्ही एका घरात नांदेनात म्हणून कादंबरी घडते. ‘ययाति’ला ज्ञानपीठ मिळालं, पण कॉलेजच्या मुलामुलींनी हृदयाशी धरली ती १९६७ ची ‘अमृतवेल’. तिच्यातली वाक्यं दोन पिढ्यांनी वहीत सुंदर अक्षरात उतरून घेतली; आता तीच मोबाईलवर सकाळी-सकाळी येतात, कधी कधी दुसऱ्याच लेखकाच्या नावावर. सुभाषितांची एवढी रेलचेल कथेला जड होते, असं स्पष्ट म्हटलं पाहिजे. तरी देवदत्त आणि नंदा विसरली जात नाहीत.

आता कोकणाकडे. इथली घरं आपापल्या आगरात सुटी-सुटी. माडापोफळींची सावली, गडगे, पाखाड्या, पऱ्ह्यावरचा साकव. शहरी वाचकाला वाटतं, चोरून भेटायला याहून बरी जागा कुठली! श्रोतेहो, आपल्याला खरं ते ठाऊक आहे. पाखाडीवर अनोळखी चप्पल वाजली की चार गडग्यांवरून चार माना वर होतात. सड्यावर तर लपायला झाडही नाही. म्हणूनच कोकणातली प्रेमकथा लपून फुलत नाही; ती गावाच्या देखत, गावाशी भांडत उभी राहते.

हे ज्याने सर्वांत चांगलं ओळखलं तो लेखक म्हणजे श्री. ना. पेंडसे. जन्म दापोलीजवळच्या मुर्डीचा, नोकरी मुंबईत बेस्टमध्ये, आणि लिहिणं मात्र हर्णै-दापोलीच्या परिसराबद्दल. १९५२ ची ‘गारंबीचा बापू’ ही मराठीतली सर्वांत दणकट प्रेमकथा आहे, हे विधान जबाबदारीने करता येईल. बापू आणि राधा यांचं नातं गावाच्या चौकटीत कुठेच बसत नाही. फडक्यांचा नायक अशा वेळी मोटार काढून दूर गेला असता. बापू जात नाही. तो गावाच्या नाकावर टिच्चून तिथेच राहतो, आणि गारंबी हे गावच कादंबरीतलं तिसरं पात्र होतं. जागा म्हणजे पाठीमागचा पडदा नव्हे, ती माणसांना अडवते, घडवते. प्रेमकथेत हे इतक्या ताकदीने दुसऱ्या कोणी दाखवलेलं नाही.

आणि या जिल्ह्यातली सर्वांत विलक्षण प्रेमकथा तर कोणी रचलेलीच नाही. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी कैद करून १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. आज आपण पाहतो तो राजवाडा तयार झाला १९१० साली, आणि १९१६ साली राजा इथेच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येचं मन जडलं घरच्याच एका नोकरावर, गोपाळ सावंतांवर. सावंतांचं लग्न आधीच झालेलं होतं. त्या दोघांची मुलगी टुटू. राजाच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशात परतलं. थोरली राजकन्या मात्र पुढे मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली. टुटू इथेच वाढली, इथल्याच माणसाशी संसार केला आणि साध्या परिस्थितीत म्हातारी झाली. अमिताव घोष यांनी २००० साली ‘द ग्लास पॅलेस’ लिहिली, तिच्यात राजकुमार नावाचा नायक राण्यांच्या दासींपैकी डॉलीला शोधत थेट रत्नागिरीपर्यंत येतो. स्कॉटलंडचे किल्ले आणि लंडनच्या नाचाच्या बैठकी वाचून कंटाळलेल्या जगभरच्या वाचकांना त्या कादंबरीमुळे आपलं बंदर कळलं. पावसहून तासाभरात पोचता येणारी ही जागा आहे.

लोकप्रिय प्रेमकथेला अब्रू कमीच मिळाली. कधी कधी तर तिला कोर्टाची पायरी चढावी लागली. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात आली. नायक निशिकांत हा कवी, त्याच्या आयुष्यात तीन स्त्रिया. अश्लीलतेचा खटला झाला, खालच्या कोर्टात काकोडकर सुटले, उच्च न्यायालयात दोषी ठरले आणि दंड झाला पंचवीस रुपये. काकोडकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ साली निर्दोष सुटले. देशातल्या सर्वोच्च न्यायाधीशांनी एक मराठी दिवाळी अंकातली प्रेमकथा बारकाईने वाचली, हा मान समीक्षकांनी काकोडकरांना कधी दिला नव्हता! त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेला राज खोसलांचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला आणि तुफान चालला.

कुमुदिनी रांगणेकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, स्नेहलता दसनूरकर या लेखिकांनी साठ-सत्तरच्या दशकांत वाचनालयं तगवली. आणि त्यांत आपल्या रत्नागिरीच्या डॉ. कुसुम अभ्यंकर. डॉक्टरकी, कादंबऱ्या आणि राजकारण तिन्ही सांभाळणाऱ्या. १९७८ साली त्या रत्नागिरीतून विधानसभेवर निवडून गेल्या. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला व्यवहार कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे उदाहरण पुरेसं आहे.

या लेखिकांचं एखादं पुस्तक वाचनालयातून हाती घेऊन पाहावं. मूळचं चित्र कधीच गेलेलं असतं, वर जाड पुठ्ठ्याची बांधणी आणि कापडी कणा. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली. जांभळ्या शिक्क्यांची रांग भरली म्हणून तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. आत कोपरे दुमडून दुमडून तुटलेले. नायकाने नायिकेवर संशय घेतला की समासात पेन्सिलीने ‘मूर्ख’ असं लिहिलेलं हमखास सापडतं, आणि खाली वेगळ्या अक्षरात ‘बरोबर’. वाचनगट वगैरे आपण आता म्हणतो. तो समासात आधीपासून चालू होता.

नंतर जागा पुन्हा बदलल्या. गौरी देशपांड्यांच्या नायिका जपानपर्यंत गेल्या, ‘तेरुओ’ आठवावी. त्या वाचलेल्या, विचार करणाऱ्या बायका आहेत आणि प्रेमात पडताना कोणाची परवानगी काढत नाहीत. सुहास शिरवळकरांनी १९८२ च्या ‘दुनियादारी’त पुण्याच्या एस.पी. कॉलेजचा कट्टा अमर केला. २०१३ मध्ये सिनेमा आला आणि पुस्तकाला नव्या पिढीचा वाचक मिळाला. शिरवळकर ते पाहायला नव्हते, ते २००३ मध्येच गेले. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’तला नववीतला मुकुंद जोशी आणीबाणीच्या वर्षांत शिरोडकरच्या मागे वेडा होतो, त्याची आणि मित्रांची हक्काची जागा म्हणजे एक अर्धवट बांधलेली इमारत. हरिभाऊंच्या बिऱ्हाडापासून बोकीलांच्या इमारतीपर्यंत शोध तोच आहे: मोठ्यांची नजर पोचणार नाही असा चार भिंतींचा तुकडा.

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. पुस्तकं जपण्याची या जिल्ह्याची सवय एवढी जुनी आहे. पण वाचनालयं जपतात ती आधी गाजलेली, पुरस्कार मिळालेली पुस्तकं. पुठ्ठ्याच्या बांधणीतल्या प्रेमकथा जीर्ण झाल्या की निर्लेखित होतात आणि रद्दीत जातात. घराघरांतल्या प्रतींना पावसाळी दमट हवा, कसर आणि वाळवी पुरून उरते. तेव्हा पावस आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना एकच विनंती आहे. माळ्यावर, आईच्या किंवा आजीच्या ट्रंकेत कुसुम अभ्यंकरांची, रांगणेकरांची, काकोडकरांची पुस्तकं, जुने ‘रंभा’, ‘मेनका’, ‘माहेर’चे दिवाळी अंक असतील, तर या पावसाळ्याआधी ते खाली काढा, उन्हं दाखवा, आणि रद्दीवाल्याकडे देण्यापूर्वी जवळच्या वाचनालयाला विचारा. समासातलं पेन्सिलीचं लिखाण खोडू नका.